रागिणीताईची जागा

हैदराबाद, ९ डिसेंबर २००५

तीर्थरूप बाबा,

रिवाज आहे म्हणून नमस्कार. तब्येत ठीक आहे, मेसमधला भात आता पचते.

तुमचं पत्र भेटलं. ताईले जाऊन तीन महिने नाही झाले, अन् तुमी लिहिता, 'रागिणीची जागा रिकामी आहे, जावई चांगले आहेत, घरचीच पोरगी दिलेली बरी.' यंदाही कापूस हातचा गेला, बाहेरचं लग्न झेपणार नाही, हे मले समजते. बाकीचं समजत नाही.

मी इथं काय शिकून राहिली, असं तुमी विचारलं होतं. ऐका. शंभरावर वर्षांपासून काही गणितज्ञ म्हणतात, तीन हा आकडा स्वतः कोणीच नाही. दोनच्या पुढची अन् चारच्या आधीची ती फक्त एक जागा आहे. नाती तीच ठेवा, त्या जागी काहीही बसवा, गणित बदलत नाही. या विचारासाठी मी वर्गात सरांशी भांडली. पण तो आकड्यांसाठी आहे, बाबा. पोरींसाठी नाही.

तेरवीले आत्यानं मले ताईची साडी नेसवली. तुमी पाहत बसले. ताईची जुई तेवढी म्हणाली, "मावशी, आईची साडी काढ." तीन वर्षांच्या लेकराले दिसलं, ते तुमाले कावून दिसत नाही?

जुई जेवते काय? आईले हे पत्र पूर्ण वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

सुट्टीत येईन, जुईची मावशी म्हणून. ती साडी पेटीत ठेवून द्या.

तुमची धाकटी,
प्रणिता