मागे घ्यायला आणलेला शब्द

बाबा, तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला भेटायला एक माणूस आला होता. इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय.

आधी तो गणपतीचा दिवस आठवतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात, मी आठ-नऊ वर्षांची. आमच्या या परदेशी बेटावरच्या पेती राफ्रे गावातली सगळी मराठी मंडळी किनाऱ्यावर विसर्जनाला जमली आहेत. पुरुष कमरेइतक्या पाण्यात आहेत, आणि तुम्ही, दुसऱ्या महायुद्धात आरमारी अधिकारी असलेले, पोर्ट लुईच्या बंदरात नोकरी करणारे, बूट घालून वाळूतच उभे. मी मूर्तीमागे पाण्यात धावते. तुम्ही बुटांसकट आत शिरून माझा दंड असा धरता की बोटं उमटतात. "पायाखाली काय आहे ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही!" सगळे बघत राहतात. "आयो, पोर हाय ती, कितीक वरडता!" आई म्हणते. तुमचं पदक आईच्या कपाटात साड्यांखाली असायचं. ते कशाबद्दल मिळालं असं विचारलं, की "नाव चालवल्याबद्दल" म्हणायचात आणि मिरच्यांना पाणी घालायला निघून जायचात. मला वाटायचं, कोकणातून येऊन इथे संसार मांडलात खरा, पण आमच्यात तुमचा जीव रमलाच नाही.

तो माणूस साताऱ्याकडचा, म्हातारा फौजी. त्याचा मुलगा इथल्या शाळेत मराठी शिकवायला भारतातून आला होता. म्हातारा मुलाकडे राहायला आलेला असताना कुणीतरी त्याच्यासमोर तुमचं नाव घेतलं, आणि एका रविवारी सकाळी तो आमच्या दारात. भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला आणि उंबऱ्यातच बसला. आईने पाणी दिलं. मग हळूहळू सांगू लागला. ब्रह्मदेशचा किनारा, सैनिक उतरवणारी तुमची सपाट बुडाची नाव, समोरून गोळीबार. तुम्ही नावेचं पुढचं दार खाली सोडायचा हुकूम दिलात. गुडघाभर पाणी असेल असं वाटलं होतं, पण तिथे खड्डा होता. पाठीवरच्या ओझ्यासकट पुढची माणसं बुडाली. त्यांत याचा धाकटा भाऊ.

"साहेबांनी गोळ्या चालू असताना उडी टाकली. कितीक जणांना वढून काढलं. माझा भाऊ तेवढा घावला न्हाई. मी वाळूवर त्यांची कॉलर धरली, म्हटलं, 'तू मारलास त्याला!' एवढा साहेब माणूस, मला शिक्षा करील म्हटलं. तर नुस्तं 'होय' म्हणाले." मग डोळे पुसत म्हणाला, "तो शब्द मागं घ्यायला आलो हुतो, पोरी. लई उशीर केला."

एक वर्ष, बाबा. एकच वर्ष आधी आला असता, तर तुम्ही दोघं ओसरीवर बसला असतात. कदाचित काही बोललाही नसतात. त्या "होय"चं ओझं तुम्ही आमच्यापैकी कुणालाही न दाखवता वाहिलंत, आणि ते उतरवू शकणारा एकमेव माणूस तुमच्या फोटोसमोर बसून रडत होता.

निघताना त्याने विचारलं, "साहेब माझ्याबद्दल कधी बोलले का?"

"बोलायचे," मी म्हणाले. "म्हणायचे, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो."

त्याने हात जोडले. आईने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात, बाबा. मी ते तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही खरंच तसं म्हणाला असतात का, हे मला आजही सांगता येत नाही.