पवळ्याचा डाग

आबा, पाया पडते. हॉस्टेलचं जेवण बरं आहे, आयेला सांगा.

काल जनावरांच्या डॉक्टरकीच्या वर्गात सरांनी डागलेल्या बैलाचा फोटो दाखवला. "असा अडाणीपणा कोणी बघितलाय?" पोरं हसली. मी उभी राहिले. बोलले, आमच्या घरी. पवळ्या बैल लंगडायचा, म्हणून आबांनी विळा तापवून डाग दिला. दोरी मी धरलेली. नंतर आबा दोन दिवस जेवले नाय. मग कोणी हसलं नाय.

पवळ्याचा पाय परत सुजलाय, असं धाकलूकाका बोलला. तुमी फोनवर येत नाय, म्हणून लिहितेय. या टायमाला डागू नका, मुरबाडहून डॉक्टर आणा.

पत्र पोचायच्या आधीच डागला असेल, तर मी रागावणार नाय. तुमी जेवून घ्या.

तुमची रुपा