तू धरून ठेवलेलं पॅडल

प्रिय आई,

तीनदा साबण लावला तरी हातांचा ब्रेक ऑइलचा वास जात नाहीये, आणि त्याच हातांनी हे लिहितेय. काल बाबांनी आणि मी अंगणात गाडीच्या ब्रेकचं ऑइल बदललं. तुझ्या जागी मी बसले होते. मग हे तुला नाही तर कोणाला सांगणार?

दर दोन वर्षांनी जुनं ऑइल काढून नवं भरायचं, हा बाबांचा नेम. तुझ्या आजारपणात तो चुकला, आणि तू गेल्यावर त्यांनी विषयच काढला नाही. मागच्या आठवड्यात सक्करदऱ्याच्या तलावापाशी त्यांनी ब्रेक दाबला तर पॅडल भसकन खाली गेलं. गाडी थांबली, पण पुढच्या स्कूटीपासून वीतभरावर. स्कूटीवर एक बाई होती आणि मागे तिची शाळकरी मुलगी. घरी येऊन बाबांनी किल्ली कपाटात टाकली आणि गाडी विकून टाकू म्हणाले.

आपली गाडी, आई! याच गाडीतून तुला धंतोलीच्या दवाखान्यात नेत होतो, आणि खड्डा आला की तूच उलट बाबांना धीर द्यायचीस. ती जाऊ द्यायची? मी म्हटलं, ऑइल आपणच बदलू, आईच्या जागी पॅडलवर मी बसते.

काम सोपं वाटलं होतं. मी सीटवर बसून पॅडल तीनदा दाबायचं आणि धरून ठेवायचं. बाबांनी चाकामागचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, पान्याने सैल केला की जुनं ऑइल हवेसकट नळीतून बाटलीत उतरतं. तो पुन्हा घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही, आणि मधेमधे उतरून बॉनेटखालच्या डबीत नवं ऑइल ओतायचं, बस. नळी त्यांनी नवीन आणली होती. पूर्वी ते सलाइनची नळी वापरायचे, पण आता ती त्यांच्याने हातात धरवत नाही.

आणि पहिल्याच चाकाला मी घोळ घातला. पॅडल एकदम तळाला गेलं, मी दचकले आणि पाय उचलला. हवा परत आत! बाबा रागावले नाहीत. त्यांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं, संपलं, आता गाडी जाणार.

मग बाबा म्हणाले, "तुही आई बोले वं."

"काय बोले?"

"धरलं म्हणे. मले मागच्या चाकापासून तिचा पाय थोडी दिसे? ते ऐकल्याशिवाय मी पाना फिरवतच नव्हतो."

तेव्हा आठवलं मला. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि तुमचं चाललेलं असायचं, दाब, दाबलं, धर, धरलं. किती हसायचे मी तुम्हाला! तू म्हणायचीस, उमरेडले हातमागावर पावड्या दाबल्या मी, पायाचं काम मले नको शिकवू.

लोणच्याच्या बरण्या, बँकेची पासबुकं, सगळं समजावून गेलीस. हे एवढं का नाही सांगितलंस गं? आणि मी तरी कधी विचारलं? इतकी वर्षं गाडी वेळेवर थांबली की आम्ही बाबांचं कौतुक करायचो. त्यात तुझा पाय होता, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तुझ्यामुळे आम्ही दर वेळी धड घरी आलो, आई. तुझे आभार मानायचे राहून गेले. आज मानते.

मी पुन्हा पॅडल दाबलं. "धरलं" म्हणाले, पण तोंडातल्या तोंडात. बाबा थांबून होते. मग मी मोठ्याने म्हणाले. तेव्हा कुठे पाना फिरला. चारही चाकं झाली आणि पॅडल पायाखाली घट्ट लागलं. संध्याकाळी तलावापर्यंत जाऊन आलो. ब्रेक जिथल्या तिथे लागला. किल्ली परत खुंटीवर आहे.

बाबांना आता खाली बसवत नाही, गुडघे धरतात. म्हणून पुढच्या वेळी पाना मी घेणार आणि पॅडलवर त्यांना बसवणार. तुझा शब्द त्यांना म्हणावा लागेल. लगेच जमणार नाही त्यांना, मला माहीत आहे. मी चाकाशी बसून राहीन. ते "धरलं" म्हणेपर्यंत पाना फिरवणार नाही.

तुझी,
बेबी