बोटभर कुंकू

एश्बॉर्न,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. वेदांग यास,

दाजीचे आशीर्वाद. नीताचा खोकला आता उतरला आहे. तू आणून दिलेला काढा तिने घेतला. मैत्रेयी शाळेच्या प्राक्टिकुमसाठी, कामाच्या अनुभवासाठी, तुझ्या ऑफिसात चांगली रमली आहे. घरी आली की वेदूमामाशिवाय दुसरा विषय नसतो. रोज समोरासमोर बसणाऱ्या माणसाला पोस्टाने पत्र का, ते पुढे कळेल.

खंडेनवमीच्या सकाळी मी काय केलं होतं ते आधी सांगतो, कारण तेव्हा तू सांगू दिलं नाहीस. कोणी यायच्या आत मी ऑफिसातल्या त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, आपल्या मशीनच्या खोलीत गेलो. मागचा पत्रा फडक्याने पुसला आणि अनामिकेने ओल्या कुंकवाचा एक ठिपका लावला, हवा आत जाते त्या जाळीपासून लांब. बाल्कनीतल्या कुंडीतलं फूल टेबलावर ठेवलं, मशीनवर नाही. गावी वडील पिठाच्या गिरणीच्या मोटारीला असंच कुंकू लावायचे. पट्ट्याच्या बाजूला त्यांनी कधी हात नेला नाही. हात जोडताना डोकं बाजूला ठेवायचं, असं मला कोणी शिकवलेलं नाही.

त्याच दुपारी उंटरश्लाइसहाइमहून आलेल्या पाहुण्यांसमोर तू मशीनमधली चारही ग्राफिक्स कार्डं एकदम कामाला लावलीस आणि मशीन बंद पडलं. तू मागे वाकून पाहिलंस, ठिपका दिसला, आणि बोटाने दाखवत हसून म्हणालास, “माइन श्वागर. आउस डेम डोर्फ!” तुझा मी दाजी, जर्मनमध्ये नुसता श्वागर, त्यात कसला मान नाही. डोर्फ म्हणजे खेडं, ते मात्र सगळ्यांना कळलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून साऱ्या टीमला माफीची मेल लिहून घेतलीस. मी लिहिली.

खरं सांगतो, मलाही वाटलं, असेल. गेला असेल एखादा कण आत. घरी देवांना गंध लावताना बोट अडायला लागलं. काही दिवस नुसता नमस्कार करून उठायचो. नीताने विचारलंच, “अहो, देव असे कोरडे का?” म्हटलं, “उशीर होत होता.” लग्नानंतर तिच्याशी इतकं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

मशीन नंतरही पडतच होतं. तू पंखे वाढवलेस, मेमरी बदललीस, सगळं नव्याने बसवलंस. मी एकेक कार्ड वेगळं चालवून पाहिलं. दिवसभर काही नाही. दोन चालवली, तरी नाही. चारही एकाच क्षणी जोर लावायची तेव्हाच अंधार. म्हणजे दोष कार्डात नव्हता, त्यांच्या अन्नात होता. मशीनच्या बाजूची काच काढली. आत कुंकवाचा कणही नव्हता. प्रत्येक कार्डाला विजेची दोन तोंडं आहेत, दोन्हींना वेगळी वायर लागते. तू एकाच वायरीचे दोन फाटे करून दोन्ही तोंडांत खोचले होतेस. का, तर काचेतून वायरींचा गुंता दिसू नये. तू बसवलेलं मशीन, तुझीच हौस. उरलेल्या वायरी कपाटातल्या काळ्या पिशवीत पडून होत्या, अजून तिथेच आहेत.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नोकरी मेव्हण्याच्या कंपनीत, आणि मध्ये नीता. मी गप्प राहून दुसरा उपाय केला. प्रत्येक कार्डाने किती वीज ओढायची यावर मर्यादा घातली. मशीन सुरू होताना ती लागू व्हावी म्हणून एक ओळ लिहून ठेवली. काम जरा हळू झालं, पण मशीन त्यानंतर पडलं नाही.

मग दिवाळीला तू जेवायला आलास. श्रीखंड वाढून घेता घेता म्हणालास, “बघ ताई, दाजींचा हात लागला नाही तर मशीन कसं गुणी बाळासारखं चालतं!” वर बोट हवेत नाचवून, डोळे मिटून माझी नक्कल केलीस. नीता पदराआड हसली. तिचं मी धरून बसलो नाही.

वेदांग, माफीची मेलही मी विसरलो असतो. सगळं मी लिहितोय, आणि जे लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही.

मैत्रेयी लहानपणापासून दरवर्षी दिवाळीच्या पूजेला आपलं दप्तर स्वतः पुढे करायची. “बाबा, माझ्या दप्तराला मोठा ठिपका.” तुझी नक्कल पाहून ती खूप हसली. पुढच्या सकाळी मी तबक घेऊन तिच्या खोलीत गेलो तर तिने लॅपटॉप पाठीमागे लपवला. “पापा, बिटे! काइन पुल्फर!” पावडर नको म्हणे. देव्हाऱ्यातलं कुंकू तिच्या तोंडी पावडर झालं. तबक हातात घेऊन मी दारात उभा होतो, आणि तिने दार लावून घेतलं. हळूच लावलं. ती वाईट मुलगी नाही.

आज दहाला तुझे मोठे पाहुणे येणार. मैत्रेयीला तू पुढच्या खुर्चीवर बसवणार आहेस, कालच ती सांगत होती. म्हणूनच आजचा दिवस मी धरला. सूड म्हण. मीही त्याला दुसरं नाव देत नाही. देवाकडे क्षमा मागितली नाही, फक्त सांगून निघालो.

कशालाही आग लागणार नाही, काही जळणार नाही. ते आधी तपासलं आहे. काळ्या पिशवीतल्या वायरी जोडल्यास की मशीन कायमचं बरं होईल. पण हे तुला शनिवारी कळेल, पोस्टमन आल्यावर. माझी सही केलेली क्युंडिगुंग, म्हणजे राजीनामा, तुझ्या टेबलावर आहे. नीताला संध्याकाळी मी स्वतः सांगेन.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी वीज मर्यादेत ठेवणारी माझी ती ओळ काढून घेतली आणि मशीन नव्याने सुरू केलं. कुंकू लावलं नाही. काच पुसली, मागचा पत्रा पुसला, जुन्या ठिपक्याचा लालसर डागही नखाने खरवडून काढला.

मशीन पडलं की तू मागे वाकून बघशील. नीट बघ. मुलगीही बघत असेल.

तुझा श्वागर,
मधुकर