सगळ्यांचे अठरा

सोमवार, ५ जानेवारी २०२६, सकाळी १०.२०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. कळंबच्या या छोट्या रुग्णालयात मी हसतमुखाने आले होते. खोलीच्या खिडकीतून वालाची शेतं दिसतात, चहाही बरा मिळाला. चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईला पुन्हा पांढरे बूट घालायला मिळाले, आणखी काय हवं? पण बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर नदीम यांनी सगळ्यांसमोर ऋतिका नावाच्या सव्वीस वर्षांच्या नर्सचं कौतुक केलं. श्वासाचं निदान हिच्याइतकं कुणाला जमत नाही म्हणे. मी शेजारीच उभी होते. माझं नाव मात्र त्यांना कागदात बघून सांगावं लागलं.

मंगळवार, ६ जानेवारी
तक्ते तपासले. आळशी नर्स श्वास मोजत नाही, सगळ्यांपुढे ‘अठरा’ लिहून मोकळी होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते खपून जातं. हिने सोनुबाईच्या चार दिवसांच्या बाळापुढेही अठरा लिहिलेत! तान्ह्या बाळाचे मिनिटाला चाळीसच्या आसपास हवेत. दम्याने बेजार झालेल्या सहा वर्षांच्या हुदाचे अठरा. जन्मभर विड्या ओढून धाप लागलेल्या सदूबाबांचेही अठरा. मी नर्सिंग शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसनी अशी वही खिडकीबाहेर भिरकावली असती.
जाब विचारला, तर ऋतिका शांतपणे म्हणाली, मॅडम, तुम्हीच मोजा ना.
सदूबाबांनी वर मीठ चोळलं: “बाय, ती पोरगी जवल असली का धाप लागतच नाय. तुमी आलाव का लागंल असं वाटतं.”

बुधवार, ७ जानेवारी
मोजले. नाडी बघतेय असं भासवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. पूर्ण एक मिनिट. सदूबाबा अठरा. हुदा अठरा. बाळ अठरा. एवढ्यावर बाळ निळं पडायला हवं होतं. ते गुलाबी होतं, झोपलं होतं. घड्याळ बदलून पुन्हा मोजले. अठराच.
तिचं खरं निघालं. भीतीआधी मला राग आला, तोही लिहून ठेवते.

गुरुवार, ८ जानेवारी
दारात उभं राहिलं की दिसतं. तिघांच्या छात्या एकाच क्षणी वर येतात, एकाच क्षणी खाली. ऋतिका औषधं वाटत होती. तिची छातीही त्याच ठेक्यात. ती खोकली, आणि तीनही खाटांवर एकदम हिसका बसला.
डॉक्टरांना हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं, तर तिचं आणखी कौतुक झालं असतं. मी रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेच्या खालापूरच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली: ही न मोजता आकडे लिहिते. खोटं होतं ते. लिहितानाच मला ठाऊक होतं.

शुक्रवार, ९ जानेवारी
हुकूम आला. उद्या दुपारी तीनला तिने जायचं. हुदाची आजी हवाबी भर वॉर्डात मला म्हणाली, जळतेस गं तू पोरीवर.
खोलीवर येऊन स्वतःचे श्वास मोजले. माझे चौदा असतात, वर्षानुवर्षं चौदाच.
अठरा—

शनिवार, १० जानेवारी, दुपारी ३.१०
ती चौक गावाला जाणाऱ्या टेंपोत बसली. फाटकापर्यंत अठरा. टेंपो वळणाआड गेला— सोळा. सगळ्यांचे.

३.२५
दहा. डॉक्टर ऑक्सिजन लावतायत. नळ्या ठीक आहेत, छातीच उचलत नाही— बाळाचे ओठ—

३.३२
सहा. माझेही.
पानाचा फोटो काढून पाठवतेय. विश्वस्तांना— माझी तक्रार खोटी होती. तिचे तक्ते खरे होते. ती फोन उचलत नाही. तिला आत्ता परत आणा. तिला पाठवलं की नाही याचं लेखी उत्तर मला आज चारच्या आत— चारपर्यंत नाही जमणार— पावणेचारच्या— हुदाचे चार— बाळाचेही चार— आता दोन— लेखी, पावणे