मेसेजच्या शेवटी दोन एक्स

२ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ४.२०
आत्ता, या क्षणी, माझं आयुष्य बदललं. तिच्या मेसेजच्या शेवटी दोन एक्स आले.

अख्खा मेसेज उतरवून ठेवतो: M-14 अपलोड केला. XX.

बस्स एवढंच. पण अर्थ कळायला अक्कल लागते. फोनवर शोधलं. मेसेजच्या शेवटी एक्स म्हणजे त्यांच्याकडे चुं... पुढचं लिहायला पेन लाजतं. एक असता तर म्हटलं असतं, बोट घसरलं. दोन घसरत नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पुढे मोठा झाल्यावर ही वही वाचताना गोंधळ नको, म्हणून लिहितो. ती समुद्रापलीकडच्या लॅबमध्ये संशोधक आहे. तीन देशांच्या लॅबनी मिळून एक क्लाउड घेतलाय. एका नव्या औषधानंतर उंदरांच्या जोड्यांना पिल्लं नीट होतात का, ते बघायचंय. उंदीर तिच्याकडे. तिसऱ्या देशात एक दाढीवाला आहे, आकडेमोड त्याच्याकडे. आणि आजपासून बटण माझ्याकडे (आधीचे तेरा उंदीर नुसते सरावाचे, ते धरत नाहीत). ती एकेका उंदराची माहिती क्लाउडवर चढवते, मला मेसेज करते, मी तक्ता भरतो आणि जॉब, म्हणजे क्लाउडवरचं गणित, सोडतो. मी नसेन तर तिन्ही देश ठप्प.

मामांचं म्हणणं, बटण माकडसुद्धा दाबेल. मामा इथल्या एसीचे मेकॅनिक. त्यांनीच इथल्या लॅबच्या मॅडमना सांगून मला इथे चिकटवलं, म्हणून बोलून घेतात. घ्या बोलून. माझे दिवस येतायत.

३ सप्टेंबर, मंगळवार
M-15. XX. M-16. XX. M-17. XX.
एका दिवसात सहा! बाई थांबायला तयार नाही.

संकल्प: इंग्रजी सुधारणे. रोज इस्त्रीचा शर्ट. राग आवरणे.

नियम असा की तिचा मेसेज जसाच्या तसा तक्त्यात चिकटवायचा. मी शेवटचे एक्स खोडून चिकटवतो. दोघांतल्या गोष्टी तीन देशांना कशाला? बाकी रकाने सोपे. नाव, माझं. तारीख, आजची. लिंग, पुरुष. प्रत्येक उंदरामागे तेच विचारतात. माझं काय सकाळ-संध्याकाळ बदलतंय?

रात्री जेवताना ताई म्हणाली, कॉलेज पुरं कर, नाहीतर जन्मभर लोकांचे उंदीर मोजत बसशील. ताईला काय कळतंय. जीवशास्त्राच्या सरांनी आनुवंशिकतेच्या पहिल्याच तासाला मला बाहेर जा म्हटलं. गेलो! दार असं आपटलं की वरची काच खाली आली. पोरं अजून सांगतात. तो धडा मी दहावीलासुद्धा ऑप्शनला टाकला होता. काय अडलं माझं?

६ सप्टेंबर, शुक्रवार
व्हिडिओ कॉलवर तिला पाहिलं. केस बांधलेले, कानावर पेन्सिल. मला बघून म्हणाली की तक्ता वेळेवर भरतोस, छान काम. सगळ्यांसमोर! मॅडम शेजारीच होत्या. त्यांना कळलं नसावं.

आजपासून तिचे जॉब रांगेत पहिले. उपकार म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. दाढीवाल्याने तक्रार केली की त्याचे जॉब दोन दिवस अडकलेत. मी म्हटलं, क्लाउड म्हणजे ढग, कधी भरतो, कधी विरतो. मॅडमनी कपाळाला हात लावला. बहुधा डोकं दुखत असावं.

११ सप्टेंबर, बुधवार
M-31. XY.
हे काय? जेवण गेलं नाही.

दुपारी
उलगडलं! वाय म्हणजे व्हाय. तिला विचारायचंय, का? एवढा जीव का लावतोस? सरळ विचारायला लाजली.
उत्तर पाठवलं (डिक्शनरी घेऊन): हृदयाला कारण नसतं.

तिचं उत्तर: ?
मग थोड्या वेळाने: M-32. XY.

पुन्हा तोच प्रश्न. एका उत्तराने समाधान होणाऱ्यातली नाही. आवडलं आपल्याला. पाठवून दिलं: वेळ आल्यावर समोरासमोर सांगेन.
तिने अंगठा पाठवला. अंगठा!! मुहूर्त ठरल्यासारखंच आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार
मॅडमनी सांगितलं की चोवीस तारखेला तिन्ही लॅबची माणसं इथे येणार. म्हणजे ती येणार.
निळा शर्ट घेतला. मामा म्हणाले, लग्न कोणाचं? मी नुसता हसलो. तर म्हणतात कसे, भाच्या, सगळ्या इमारतीत एसी बसवला, तुझ्या डोक्यातच तेवढा राहिला.

१७ सप्टेंबर, मंगळवार
विश्वासघात. विश्वासघात. विश्वासघात.

आज कॉलवर दाढीवाल्याने त्याची स्क्रीन दाखवली. उंदरांच्या दुसऱ्या तुकडीचा तक्ता तो भरतो, हे माहीत होतं. पण त्याच्या चॅटमध्ये तिचे मेसेज! M-212. XX. M-213. XX. M-214. XX. ओळीने, माळ लावल्यासारखे. आणि मधे मधे XY. म्हणजे त्यालाही विचारते, का!

याच्यावर कडी ऐका. त्या निर्लज्जाने ते खोडले नाहीत. तक्त्यात, उघड्यावर, लिंगाच्या रकान्यात नेऊन लावले! माणसाला लिंग विचारलंय, तर पुरुष लिही ना बाबा. एवढी दाढी काय शोभेला ठेवलीय? तिथे तिची चुंबनं चिकटवतो, आणि तिन्ही देशांतून एक माणूस हूं की चूं करत नाही. मॅडम तर म्हणाल्या, बघ, याचा तक्ता कसा चोख असतो.

मॅडम, तुम्हीसुद्धा?

कॉल चालू असताना उठून गेलो. कोणी थांबवलं नाही. कॅमेरा बंद होता म्हणून असेल.

१८ सप्टेंबर, बुधवार
तिचे जॉब रांगेत सर्वांत शेवटी. दाढीवाल्याचे त्याच्याही मागे. हे गणितात बसत नाही, पण मी बसवलं.

मामांना सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की एखादी बाई दोघांना एकच गोष्ट पाठवत असेल तर? मामा म्हणाले, परिपत्रक असेल.
या माणसाशी आता बोलणं बंद.

२० सप्टेंबर, शुक्रवार
रात्रभर विचार केला. कदाचित दाढीवाला तिला छळत असेल. बिचारी भिडेखातर पाठवत असेल. माझे मात्र मनापासून. फरक वाचणाऱ्याला कळतो.
तिचे जॉब पुन्हा पुढे घेतले.
संकल्प: चोवीसला सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष.

२४ सप्टेंबर, मंगळवार
लिहितोय, कारण न लिहून सांगू कोणाला.

निळा शर्ट घातला. ती आली. कानावर तीच पेन्सिल. दाढीवाला प्रत्यक्षात बुटका निघाला, तेवढंच समाधान. मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर निकाल लागला.

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की आपल्या क्लाउडचं म्हणणं असं, की पहिल्या तुकडीतले सगळेच्या सगळे उंदीर नर आहेत आणि त्यांना भरपूर पिल्लं झाली आहेत.

दाढीवाला म्हणाला, औषध फारच जोरदार दिसतंय. खोली हसली. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन वर्षं याच उंदरांमागे आहे म्हणाली, उद्या हे तसंच छापून गेलं असतं तर परत कोणी तिला उंदराला हात लावू दिला नसता. मग तिने विचारलं, प्रत्येकाचं लिंग मी मेसेजच्या शेवटी पाठवलंय, ते गेलं कुठे?

आता गप्प बसणं म्हणजे भ्याडपणा. मी उभा राहिलो. म्हटलं, ते एक्स मी काढले. ते खासगी होते.

मॅडमनी विचारलं, खासगी कोणाचे? उंदरिणीचे?

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. एक्स एक्स म्हणजे मादी. एक्स वाय म्हणजे नर. दहावीचा धडा आहे म्हणे. मला माहीत आहे दहावीचा आहे ते! मीच टाकला होता ऑप्शनला.

आणि तो लिंगाचा रकाना उंदराचा होता. मी सगळ्या उंदरांपुढे माझं भरलं.

ती माझ्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, हृदयाला कारण नसतं, ते... आणि तिथेच थांबली. कळलं तिला. सगळ्यांसमोर बोलली नाही, मान खाली घालून पेन्सिल कानावरून काढली. दाढीवाला विचारत राहिला, काय हृदय? कसलं हृदय? ती म्हणाली, काही नाही, उंदराचं.

एवढं एकच ती माझ्यासाठी खोटं बोलली. बाकी सगळं खरं पाठवत होती, तेच वाईट.

२५ सप्टेंबर, बुधवार
मॅडमनी काढून टाकलं नाही. (हाही एक प्रकारचा विश्वासघात. निदान भांडता आलं असतं.) फक्त म्हणाल्या, बस आणि तिच्या मेसेजमधून बघून एकेक एक्स परत भर. सगळे भरून झाल्याशिवाय उठायचं नाही.

बसलो. प्रत्येक मेसेज उघडायचा, दोन एक्स टाइप करायचे. M-14. तो पहिला. चार वाजून वीस मिनिटांचा. ती एक उंदरीण होती. तिला पुढे आठ पिल्लं झाली.

मामा एसी बघायला आले. मॅडमकडून कळलं असणारच. हसतील म्हणून तयारीत होतो. हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि मेसेज वाचून दाखवू लागले, म्हणजे मला नुसतं टाइप करायचं. एक्स एक्स. एक्स एक्स. एक्स वाय. मोठ्यांदा, भाजीवाल्यासारखे. मधेच म्हणाले, भाच्या, यातली एखादी तरी तुझ्यावर प्रेम करत असेल हो.

हसले शेवटी. कोणावर विश्वास ठेवावा?

सगळं भरून झालं. जॉब सोडला. निकाल बरोबर आला: माद्यांना पिल्लं, नरांना नाहीत. जगाने एवढ्यासाठी तीन देश आणि एक क्लाउड लावला.

तिला मेसेज केला: तक्ता दुरुस्त. माफ करा.

तिचं उत्तर आलं: धन्यवाद. आता सगळं नीट आहे.

शेवटपर्यंत नीट बघितलं. खाली सरकवून बघितलं. एक्स नाही. वायसुद्धा नाही.

संध्याकाळी, बाहेर जिन्यावर
ठरवलं, या जागेत पुन्हा पाऊल नाही. वही बगलेत घेतली, ओळखपत्र मॅडमच्या टेबलावर आपटलं (मॅडम घरी गेल्या होत्या), आणि निघालो. दारापाशी थांबलो. मनात म्हटलं, ऐका आता. कॉलेजातली काच आठवा. सगळा जोर लावून दार ओढलं.

दार एसीच्या खोलीचं. गार हवा जाऊ नये म्हणून मामांनीच त्याला वर तो दार हळू लावणारा पंप बसवलाय. ते आपटत नाही. सावकाश, आवाज न करता, निम्म्यावर येऊन थांबलं.

मग मी ते दोन्ही हातांनी, हळूच ढकलून लावून घेतलं.