तिन्ही बाटल्या एकच

३ नोव्हेंबर

चि. टिल्लू यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझा गुडघा काय म्हणतो? मास्तरीणबाईंचा रक्तदाब? नातीचे पुढचे दात आले, की अजून बोळकंच आहे? आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्याला काही दिसतं, की नुसता अंदाजानं भुंकतो? मी ठणठणीत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला जिना हाच वैद्य.

जावईबापूंच्या हाती पाठवलेल्या तिन्ही बाटल्या पोचल्या. ठरल्याप्रमाणे नावं नाहीत, नुसते आकडे. औषधाच्या दुकानात जन्म काढलास म्हणून व्हिस्कीसुद्धा खोकल्याच्या बाटल्यांत भरायची? एकीवर तर 'हलवून घ्या' अशी चिठ्ठी तशीच आहे. असो. निकाल असा की दुकानदाराने तुला टोपी घातली. तिन्ही एकच आहेत. जीभ चुरचुरते, घसा तापतो, संपलं. स्वस्तातली सिंगल माल्ट अशीच असायची, म्हणशील. पण गेल्या वर्षी आपण चाखल्या त्या कुठे महागातल्या होत्या? त्यांतली एक मधासारखी होती, एक ताज्या पावासारखी. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून घे.

लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर बरी बाटली धाड.

तुझा,
दादा

१२ नोव्हेंबर

ती. दादा यांस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. एकच? अरे, एक नंबरची हलकी, हिरव्या सफरचंदासारखी. दोन नंबरची शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली, मनुकांसारखी गोड. आणि तीन नंबरची बेटावरची, दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर वाळवलेल्या जवाची. तिचं बूच काढलं तर हिने पडदे धुवायला काढले आणि शेजारचे वकील धावत आले, वायर जळतेय का म्हणून. आणि तू म्हणतोस एकच!

पॉलिश करायला आलेल्या टेबलाचा भुसा हुंगून तू लाकूड सांगायचास. गिऱ्हाईकं तुला 'नाकवाले मिस्त्री' म्हणायची. चेष्टा करतोयस ना? बर्फ घातला असशील तर माझ्याशी बोलू नकोस. तोंडाशी निमुळता ग्लास घे, चमचाभर साधं पाणी घाल, जरा थांब, मग हुंग. आणि नीट लिही. माझं डोकं भणभणलंय.

हिचा नमस्कार. राग येऊ दे, पण माया पातळ करू नकोस.

टिल्लू

२० नोव्हेंबर

चि. टिल्लू यास,

आशीर्वाद. मला हुंगायला शिकवतोस? आईनं तुला शेंबूड पुसायला शिकवला तेव्हा मी लाखेचे तीन प्रकार वासावरून ओळखत होतो! पाणी घालून झालं, न घालता झालं, उपाशीपोटी झालं. एकच. बाटल्या धुतल्या होत्यास तरी का?

शिवाय इथे कटकटी कमी नाहीत. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी परवा दार बडवून बडवून डोकं खाल्लं. दूध उतू जाऊन माझी शेगडी विझली होती आणि गॅसचा वास म्हणे पार जिन्यापर्यंत सुटला होता. मी तिथेच, ओट्याला पाठ लावून, तुझ्या तीन नंबरच्या बाटलीत नाक खुपसून बसलो होतो. बाईंनी खिडक्या उघडल्या, मला लहान पोरासारखं धरून पायरीवर नेऊन बसवलं. त्या म्हणजे राईचा पर्वत करायचा कारखानाच.

तू तरी भाव खाऊ नकोस. मायेत अंतर नको.

दादा

२६ नोव्हेंबर

ती. दादांना,

शि. सा. न. ह्यांनी तुमचं पत्र मोठ्यानं हसत वाचायला घेतलं आणि शेगडीच्या मजकुराशी येऊन थांबले. तेव्हापासून तुमची जुनी पत्रं काढून बसलेत, म्हणून मी लिहितेय.

दादा, मी जन्मभर वर्गात पोरांची सोंगं ओळखली. तुमचं नाक गेलंय. उन्हाळ्यातल्या त्या तापापासून, हो ना? पूर्वी तुमच्या पत्रात जिन्याच्या ओल्या रंगापासून टपालवाल्याच्या तेलापर्यंत सगळ्यांचे वास असायचे. उन्हाळ्यानंतर एकही नाही. व्हिस्की गेली खड्ड्यात! आम्ही तुम्हाला घर सोडायला लावू म्हणून गप्प बसलात, एवढंच ना? घरापायी जीव गेल्यावर त्या घराला काय जाळायचंय? डॉक्टरकडे जा. गॅस आजच्या आज बंद करा. नाहीतर ह्यांचा गुडघा आणि मी, दोघं येऊन तुमचं बोचकं बांधतो.

रागानं लिहिलंय. ज्याच्यावर जीव असतो, त्याच्यावरच राग निघतो.

तुमची भावजय

६ डिसेंबर

चि. टिल्लू व सौ. मास्तरीणबाई यांस,

अनेक आशीर्वाद. बाई, तुमचं पत्र वाचून माझे कान लाल झाले. तेवढे अजून शाबूत आहेत. होय, तापानंतर गेलं. येईल आज, येईल उद्या, म्हणून रोज सकाळी लाखेचा डबा उघडून बघायचो. पुढे उघडायचंच सोडलं. नाकवाल्या मिस्त्रीनं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि बोचकं बांधायची भाषा तुमचीच आहे, माझी नव्हे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईलही, न येईलही. रोज उग्र वास हुंगत राहा. गॅस काढून टाकला. विजेची शेगडी आणलीय, तिच्यावर चहा होईपर्यंत चहाची तल्लफ निघून जाते. शिंपीणबाई सकाळ-संध्याकाळ वर येऊन बटण तपासतात आणि वर मलाच बोलतात. हा सगळा जाच मुकाट सोसतो. घर मात्र सोडणार नाही. एवढं माझं ऐका.

आता तू, टिल्लू. बाटल्या बंद करायच्या नाहीत. कीव करून पाणी मिसळलेली पाठवलीस तर याद राख, जीभ अजून चुरचुरते. यापुढे निकाल तू द्यायचा. पण ती सफरचंदं नि मनुका नकोत, ते पुस्तकातलं मीही वाचलंय. धूर म्हणतोस, तो कसला धूर? ओल्या लाकडाचा? इस्त्रीखाली कापड करपल्याचा? की वडील लाकूड चिकटवायचा सरस कढवताना तळ लागायचा आणि आई आपल्या दोघांवर ओरडायची, तसला? त्याच्याखाली काही गोडवा आहे का? सगळं सविस्तर लिही. मी घोट तोंडात धरीन आणि तुझी ओळ वाचीन.

उशीर करू नकोस. ग्लास भरून ठेवलाय.

तुझा,
दादा